आपला माणूस

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमची योग्यता ती काय? जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, त्यावर शिक्षकाची सनद, आणि पुढे उभा जन्म प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून चढण्याचे भाग्य आम्हांस लाभले नाही. अशा माणसाने आज विद्यापीठांतील नेमणुकांविषयी बोलावे, हे पुष्कळांस धाडसाचे वाटेल. आम्हांसही ते तसेच वाटते. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. आपल्या कार्यकारी मंडळापुढे सध्या एक सूचना विचाराधीन आहे, आणि तिच्यासंबंधी बंद खोलीत बोलण्याऐवजी सर्व कुटुंबांसमक्ष बोलावे, असे आम्हांस वाटले.

सूचना अशी : आपल्या ज्ञातीतील जी मंडळी निरनिराळ्या विद्यापीठांत प्राध्यापक, अधिकारी किंवा अधिसभेचे सदस्य आहेत, त्यांची एक यादी करावी; त्यांची एक संपर्क समिती नेमावी; आणि आपल्यातील जे तरुण विद्यापीठांत वा महाविद्यालयांत अर्ज करतील, त्यांच्यासाठी या समितीने 'योग्य ठिकाणी शब्द टाकावा'. हे अखेरचे चार शब्द सूचनेतीलच आहेत. सूचना मांडणारे गृहस्थ आमचे जुने स्नेही आहेत. त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. आपली मुले नेट-सेट उत्तीर्ण होतात, पीएच.डी. होतात, आणि पुढे आठ-आठ, दहा-दहा वर्षे तासिका तत्त्वावर कुठेतरी राबतात. ते पाहून कोणाही बापाचे काळीज तुटेल. तरीही या सूचनेस आमचा विरोध आहे. तो का, हे सांगण्यासाठी आम्हांस आपणांस जरा दूरच्या प्रवासास न्यावे लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

काही वर्षांपूर्वी आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त नैरोबीस असताना आम्ही उभयता तेथे दोन महिने राहून आलो. म्हाताऱ्या माणसास परदेशी काम ते काय! सकाळी फिरावयास जावे, वर्तमानपत्र वाचावे, आणि दुपारी डुलकी काढावी. एके दिवशी जावईबापूंनी आम्हांस तेथील विद्यापीठ दाखविण्यास नेले. पाहतो तो आवारात महात्मा गांधींचा पुतळा! चौकशी केली तेव्हा समजले की, गांधीजींच्या निधनानंतर पूर्व आफ्रिकेतील भारतीयांनी त्यांच्या स्मरणार्थ एक महाविद्यालय काढण्यासाठी निधी जमविला होता. त्याच सुमारास सरकारही नैरोबीत रॉयल टेक्निकल कॉलेज काढीत होते. तेव्हा आपल्या लोकांनी आपले निराळे महाविद्यालय काढण्याचा हट्ट सोडला आणि तो निधी या सर्वांच्या महाविद्यालयात मिळविला. १९५६ साली ते सुरू झाले, आणि त्याच वर्षी आपले तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्याच महाविद्यालयाचे पुढे, १९७० साली, नैरोबी विद्यापीठ झाले. ज्या समाजास स्वतःची वेगळी संस्था काढणे सहज शक्य होते, त्याने ती सर्वांच्या संस्थेत विलीन केली, ही गोष्ट आम्हांस त्या पुतळ्यापेक्षाही मोठी वाटली.

मात्र त्या विद्यापीठांचा पुढचा इतिहास जसजसा आमच्या कानी येऊ लागला, तसतसे आमचे मन खिन्न होत गेले.

केनिया देशात चाळिसांहून अधिक जमाती आहेत. २०१९ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या सुमारे पावणेपाच कोटी भरली; त्यांत सर्वांत मोठी जमात किकुयू, तीही सुमारे एक्क्याऐंशी लाख, म्हणजे शेकडा सतरा. त्यांच्यामागून लुह्या, कालेंजिन, लुओ, कांबा या जमाती येतात. म्हणजे एकटीच्या बळावर राज्य करील अशी जमात तेथे एकही नाही. अशा देशात सार्वजनिक विद्यापीठ हे खरोखर सर्वांचे माहेरघर व्हावयास हवे होते. परंतु पहिली कित्येक वर्षे देशाचा राष्ट्राध्यक्ष हाच प्रत्येक सरकारी विद्यापीठाचा कुलपती असे आणि कुलगुरूची नेमणूक त्याच्याच मर्जीने होई. नैरोबी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू जोसेफाट करांजा हे विद्वान होते, प्रिन्स्टनचे डॉक्टरेट होते, यांत वाद नाही. पण ते आले ते लंडनमधील उच्चायुक्ताच्या खुर्चीवरून, राष्ट्राध्यक्षांच्या इच्छेने, आणि पुढे यथाकाल देशाचे उपराष्ट्राध्यक्षही झाले. जेथे कुलगुरूचे पद हा राजकारणातील एक मुक्काम समजला जातो, तेथे 'या मुक्कामावर आता कोणाचा माणूस?' असा प्रश्न लोकांनी विचारला, तर दोष लोकांना कसा द्यावा?

२००३ साली राष्ट्राध्यक्ष किबाकी यांनी विद्यापीठांसाठी स्वतंत्र कुलपती नेमण्यास प्रारंभ केला आणि २००५ साली नैरोबी विद्यापीठाचे कुलगुरुपद जाहिरात देऊन, मुलाखती घेऊन भरण्यात आले. सुधारणा चांगली होती. पण तोवर एक गोष्ट मुरून बसली होती. ज्या भागात विद्यापीठ, त्या भागातील जमातीचे ते, अशी लोकांची समजूत झाली होती. २०१२-१३ च्या सुमारास तर एकामागून एक महाविद्यालयांस विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला. सात सरकारी विद्यापीठे होती ती वर्षा-दोन वर्षांत बावीस झाली. बहुतेक प्रांतांना आपले विद्यापीठ मिळाले. यांत शिक्षणाचा प्रसार झाला हे खरेच. आमच्यासारख्या खेडेगावच्या मास्तराने त्याला नावे ठेवू नयेत. पण 'आपले विद्यापीठ' या शब्दांत 'आपले' हा शब्द किती भारी झाला, ते पुढे दिसून आले.

आता त्या देशाचा कायदा ऐका. २००७ च्या डिसेंबरातील निवडणुकीनंतर तेथे जमाती-जमातींत भयंकर दंगल उसळली. अकराशेंहून अधिक माणसे मेली, लाखो बेघर झाली. एल्डोरेट शहराजवळ कियांबा येथे चर्चमध्ये आश्रयास आलेल्या बायकामुलांसह ते चर्च जाळण्यात आले. या अग्नीतून शहाणपण घेऊन २००८ साली तेथील संसदेने राष्ट्रीय ऐक्य व एकात्मता यांसंबंधीचा कायदा केला. त्यांत एक कलम असे घातले की, कोणत्याही सरकारी संस्थेत एका जमातीचे कर्मचारी एक-तृतीयांशाहून अधिक असू नयेत. विचार करा, सर्वांत मोठ्या जमातीचे प्रमाण शेकडा सतरा. मर्यादा घातली ती शेकडा तेहतीस. म्हणजे दुपटीहून थोडी कमी अशी मोकळीक दिली. तरी त्या कायद्याखालील आयोगाने २०१२ साली विद्यापीठांची पाहणी केली, तेव्हा ही मर्यादाही कित्येक विद्यापीठांनी ओलांडलेली आढळली. आणि ज्या जमातीचा प्रदेश, तिचीच माणसे बहुसंख्य, असा प्रकार जागोजाग दिसून आला.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. विद्यापीठात शिपाई असतात, माळी असतात, खानावळीत स्वयंपाकी असतात. ही माणसे जवळच्या गावांतूनच येणार. शंभर कोसांवरून माळी कोण आणील? त्यामुळे एकूण आकडा स्थानिक जमातीकडे झुकलेला दिसला, तर त्यांत सारेच पाप आहे असे नाही. पण प्राध्यापकाचे तसे नाही. ज्याला रसायनशास्त्र शिकवावयाचे आहे तो कोणत्या डोंगराच्या पायथ्याशी जन्मला, याचा रसायनाशी संबंध काय? आणि कुलगुरूचा तर त्याहूनही नाही.

तरीसुद्धा २०१६ च्या सप्टेंबरात काय घडले पाहा. एल्डोरेट येथे मोई विद्यापीठ आहे. १९८४ साली स्थापन झालेले हे त्या देशातील दुसरे सरकारी विद्यापीठ. तेथील कुलगुरूंची मुदत संपल्यावर शिक्षणमंत्र्यांनी प्राध्यापक लाबान आयिरो यांना हंगामी कुलगुरू नेमले. आयिरो कालेंजिन नव्हते. झाले! त्या भागातील दोन जिल्ह्यांचे निवडून आलेले राज्यपाल, जॅक्सन मंडागो आणि अॅलेक्स टोल्गोस, स्वतः मोर्चा घेऊन विद्यापीठावर गेले, आणि विद्यापीठाचा प्रमुख येथील भूमिपुत्रच पाहिजे, अशी मागणी त्यांनी उघडपणे केली. आठ वर्षांपूर्वी ज्या शहराच्या आसमंतात जमातीच्या नावाने माणसे जाळली गेली, त्याच शहरात, लोकांनी निवडून दिलेले पुढारी, एका शिक्षकाला केवळ त्याच्या जन्मामुळे दारात अडवावयास गेले. देशभर त्यांच्यावर टीका झाली. आयिरो हंगामी कुलगुरू म्हणून काम करीत राहिले, आणि पुढे एका खासगी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आमच्या मनात मात्र त्या विद्यापीठातील विद्यार्थी येतात. त्यांना त्या दिवशी कोणता धडा मिळाला असेल? मास्तराच्या डोक्यात असेच प्रश्न येतात, त्याला इलाज नाही.

आपणांपैकी कोणी म्हणेल, केनियाचे राहू द्या, तो देश तरुण आहे. म्हणून त्याहून जुने एक उदाहरण देतो. ते नायजेरियाचे. ते आम्ही जरा सविस्तर सांगणार आहोत, कारण आपल्या सूचनेशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे.

लागोस विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू एनी न्जोकू. हे गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञ, जातीने इग्बो. लागोस शहर मात्र योरुबांच्या प्रदेशातील. तीन वर्षे विद्यापीठ बरे चालले. १९६५ साली न्जोकू यांची मुदत संपत आली. प्राध्यापकांच्या सभेचे मत त्यांनाच पुन्हा नेमावे असे होते. परंतु विद्यापीठाच्या कौन्सिलने त्यांची नेमणूक नव्याने न करता साबुरी बिओबाकू यांना कुलगुरू नेमले. बिओबाकू हे नामांकित इतिहासकार. एग्बा लोकांच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला होता. ते योरुबा होते.

नीट ध्यानात घ्या. येथे कोणी अडाणी माणूस आणून बसविला नव्हता. दोघेही विद्वान, दोघेही त्या पदास शोभणारे. तरीसुद्धा लोकांनी हे गुणाचे माप मानले नाही. इग्बो म्हणाले, आमचा माणूस जातीमुळे गेला. योरुबांपैकी पुष्कळ म्हणाले, आतापर्यंत इग्बोंचेच वर्चस्व होते, आता आमची पाळी. विद्यार्थ्यांचे मोर्चे निघाले, विद्यापीठ बंद पडले, अध्यापकांत फूट पडून कित्येकांनी राजीनामे दिले. आणि त्याच वर्षी एका विद्यार्थ्याने नव्या कुलगुरूंवर सुऱ्याने हल्ला केला. हल्ला करणारा कोण? कायोदे अॅडम्स नावाचा विद्यार्थी, स्वतः योरुबा! ही नेमणूक जातीच्या पक्षपाताने झाली आहे, या संतापाने त्याने आपल्याच जातीच्या कुलगुरूवर हत्यार उचलले. सुऱ्याचे समर्थन आम्ही स्वप्नातही करणार नाही. बिओबाकू सुदैवाने बचावले आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी विद्यापीठ सांभाळले. परंतु त्या सद्गृहस्थाची स्थिती कशी झाली असेल, याचा विचार आमच्या मनातून जात नाही. ग्रंथ लिहिले, विद्या कमावली, आणि जन्मभर लोक म्हणणार काय, तर 'योरुबा म्हणून आले'. ज्यांनी त्यांना आपला माणूस म्हणून खांद्यावर घेतले, त्यांनीच त्यांची विद्वत्ता पुसून टाकली.

न्जोकू पुढे पूर्वेकडील न्सुक्का येथील विद्यापीठाचे कुलगुरू झाले, म्हणजे आपल्या लोकांत परतले. १९६६ साली लष्करी उठाव झाले, उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या. इबादान विद्यापीठाचे कुलगुरू केनेथ डिके, आफ्रिकेच्या इतिहासाचा पाया घालणारे मोठे पंडित, तेही इग्बो. त्यांनी १९६६ च्या डिसेंबरात राजीनामा दिला. १९६७ साली बियाफ्राचे यादवी युद्ध पेटले ते १९७० पर्यंत चालले. त्या युद्धातील वाटाघाटींत न्जोकू बियाफ्राच्या बाजूने बसले होते. विद्यापीठातील भांडणामुळे युद्ध झाले, असे आम्ही म्हणत नाही. त्या युद्धाची कारणे पुष्कळ होती. पण जी माणसे एका दिवाणखान्यात बसून अभ्यासक्रम ठरवीत होती, ती दोन वर्षांनी दोन देशांची म्हणून एकमेकांसमोर बसली.

युद्धानंतर त्या देशाने उपाय केला. १९७९ च्या घटनेत असे तत्त्व घातले की, सरकारी कारभारात देशातील सर्व भागांचे प्रतिबिंब पडावे. कोणा एका-दोन जमातींचेच वर्चस्व नसावे. १९९६ साली त्यासाठी आयोगही स्थापन झाला. केंद्राच्या विद्यापीठांतील प्रवेशाचेही सूत्र ठरले : शेकडा पंचेचाळीस जागा गुणांवर, पस्तीस त्या विद्यापीठाच्या परिसरातील राज्यांना, आणि वीस शिक्षणात मागे राहिलेल्या राज्यांना. या उपायास आम्ही सरसकट वाईट म्हणत नाही. इंग्रजांच्या काळात मिशनऱ्यांच्या शाळा दक्षिणेत दाटीने निघाल्या, उत्तरेतील मुसलमान अमिरांच्या मुलुखात इंग्रज सरकारने त्यांना फारसे शिरू दिले नाही. एका मुलाला शंभर वर्षे शाळा आणि दुसऱ्याला एकही नाही, आणि मग दोघांना एकाच रेघेवर उभे करून 'पळा' म्हणावयाचे, याला गुण म्हणत नाहीत.

पण औषधही कसे विटते ते पाहा. एखादा मनुष्य त्या राज्याचा 'मूळ रहिवासी' आहे की नाही, याचा दाखला तेथे स्थानिक शासन देते. आणि मूळ रहिवासी म्हणजे तेथे राहणारा नव्हे. ज्याचे पूर्वज तेथले, तो. एखाद्याचा आजा त्या गावी येऊन स्थायिक झाला, बाप तेथे जन्मला, स्वतः तो तेथे जन्मला, तरी तो परकाच. राज्याच्या विद्यापीठात अशा परक्याकडून जास्त फी घेतल्याचीही उदाहरणे आहेत. आमच्या एका मित्राने हे ऐकून म्हटले, "गुरुजी, हे तर आपल्या वतनदारीसारखेच झाले." आम्हांसही तसेच वाटले.

आता कोणी विचारील, गुरुजी, मग आपल्याकडचे आरक्षणही तसेच का? हा प्रश्न समारंभानंतर चहाच्या वेळी हमखास निघेल, म्हणून आताच बोलतो. नाही, ते तसे नाही. आरक्षण आपल्या घटनेने दिले आहे; कोणती जागा कोणासाठी, हे जाहिरातीत छापलेले असते; बिंदुनामावली असते; अन्याय झाला तर न्यायालयात दाद मागता येते. जे दिवसाढवळ्या, कायद्याने, कारण सांगून दिले जाते आणि जे शतकानुशतके दाराबाहेर उभे राहिले त्यांच्यासाठी दिले जाते, त्याची तुलना कानांत कुजबुजलेल्या शब्दाशी कोणीही करू नये. वशिल्याला बिंदुनामावली नसते. वशिला ज्याला मिळतो तोही तो कबूल करीत नाही, आणि ज्याच्यावर अन्याय होतो त्याला तो कधी सिद्ध करता येत नाही. आपली सूचना आरक्षणाची नाही. ती दुसऱ्या प्रकारची आहे, हे आपण सारे जाणतो.

आम्ही हे इतक्या ठामपणे बोलतो याचे कारण पुस्तकी नाही. आज तीस वर्षांनी ते सांगावयाचे ठरविले आहे. आमच्या सौभाग्यवतींनी सांगू नका म्हणून विनविले होते, तरी सांगतो.

साधारण १९९४ चा सुमार. एका शिक्षणसंस्थेच्या निवड समितीवर, शाळेतील एक गणिताचा शिक्षक नेमण्यासाठी, अनुभवी शिक्षक म्हणून आम्हांस बोलाविले होते. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. दोष संस्थेचा नव्हता, आमचा होता. पाच उमेदवार होते. त्यांत एक मुलगी होती, दुसऱ्या समाजातली. तिला पाचवीच्या वर्गावर अपूर्णांक शिकवावयास सांगितले. तिने डब्यातली भाकरी काढली, तिचे तुकडे केले, आणि एक-तृतीयांश व एक-चतुर्थांश यांत मोठा कोणता हे मुलांकडूनच वदवून घेतले. आम्ही आयुष्यात अपूर्णांकाचे पुष्कळ पाठ पाहिले, घेतले. तसा पाठ दुसरा पाहिला नाही. दुसरा एक उमेदवार आपल्या ज्ञातीतील होता. मुलगा सालस, घरची गरिबी, बाप अकाली गेलेला. आदल्या रात्री त्याचे चुलते आमच्याकडे येऊन गेले होते. त्यांनी पैसा दिला नाही, भेट दिली नाही, केवळ एवढेच म्हणाले, "गुरुजी, आपला माणूस आहे, लक्ष असू द्या." समितीत चर्चा निघाली तेव्हा आम्ही म्हणालो, मुलगी लग्न होऊन जाईल, मुलगा टिकेल. आमच्या शब्दाला तेव्हा वजन होते. मुलाची नेमणूक झाली.

तो मुलगा वाईट शिक्षक निघाला असे मात्र समजू नका. तो बरा निघाला, कष्टाळू निघाला. पण शाळेत सर्वांना कळले होते. सहकारी पाठीमागे बोलत. पुष्कळ वर्षांनी, त्याचे केस पिकू लागल्यावर, एका लग्नात तो आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, एक विचारू? त्या दिवशी आपण बोलला नसता तर मी लागलो असतो का? इतकी वर्षे झाली, मला अजून ते कळत नाही." आम्हांस उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही. आम्ही त्याचे भले करावयास गेलो आणि त्याच्या हातून त्याची स्वतःची परीक्षा काढून घेतली. आणि त्या मुलीचे पुढे काय झाले, याची आम्ही कधी चौकशीसुद्धा केली नाही. चौकशी करण्याचे धैर्य झाले नाही, असे म्हटले तर अधिक खरे होईल.

म्हणून या व्यासपीठावरून आपल्या तरुणांसाठी आम्ही जे मागतो ते निराळे आहे. संपर्क समितीऐवजी मंडळाने एक अभ्यासिका चालवावी. नेट-सेटची तयारी, शोधनिबंध लिहिण्याचे मार्गदर्शन, मुलाखतीचा सराव, जाहिरातींची माहिती, अर्जांची छाननी या सर्व गोष्टी तेथे व्हाव्यात. आपल्यातील जे प्राध्यापक आहेत त्यांची यादी जरूर करावी; पण त्यांनी शब्द टाकण्याऐवजी महिन्यातून एक रविवार टाकावा. आणि अभ्यासिकेचे दार दुसऱ्या समाजातील मुलांसही उघडे ठेवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. नैरोबीच्या भारतीयांनी सत्तर वर्षांपूर्वी जे केले त्याहून हे काही फार अवघड नाही. तात्पुरत्या नेमणुकांवर वर्षानुवर्षे राबविण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याविरुद्ध मंडळाने ठराव करावा, शासनाकडे निवेदन द्यावे; पण ते सर्व तासिका-अध्यापकांसाठी असावे, केवळ आपल्यांसाठी नको.

आणखी एक लहानशी गोष्ट. आपल्या राज्यात कुलगुरूंची निवड २०१६ च्या विद्यापीठ कायद्यान्वये शोध समितीने करावयाची असते. ती किमान पाच नावे कुलपतींकडे पाठविते, आणि कुलपती त्यांतून एक निवडतात. ज्या दिवशी असे नाव जाहीर होते, त्या दिवशी गावोगावच्या ज्ञातिसंस्था, आपलीही त्यांतच आली, प्रथम विचारतात काय? 'कोणत्या समाजाचे?' आपले असले की अभिनंदनाचा ठराव, फेटा, शाल, श्रीफळ; आपले नसले की मौन. मागील खेपेस आपल्या मंडळानेच असा एक सत्कार केला, आणि त्यात आम्हीच मानपत्र लिहिले होते. मानपत्रात त्यांच्या ज्ञातीचा उल्लेख पाच वेळा आणि त्यांच्या संशोधनाचा एक वेळा आला होता, हे आम्ही काल जुनी स्मरणिका काढून मोजले. तो बिओबाकूंचा खांद्यावरचा सत्कार आम्ही आमच्या हाताने केला होता.

अध्यक्ष महाराज, वेळ संपल्याची चिठ्ठी आपण दुसऱ्यांदा पाठविली आहे. कार्यकारी मंडळाची सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात आहे. प्रकृतीमुळे आम्हांस जिना चढणे होत नाही. तरी सूचनेच्या विरुद्ध आमचे मत लेखी देत आहोत, आणि अभ्यासिकेसाठी आमच्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये चिटणीसांकडे आजच भरणा केले आहेत. पावती मिळाली आहे. आता मुलांना बक्षिसे देण्यास उशीर करू नये. त्यांच्या आया केव्हाच्या ताटकळल्या आहेत.